आडवी काठी

माजलगावच्या आमच्या दोरगल्लीत दुकान सोडून जायला कुलूप लागत नाही. निजामाच्या काळापासून इथं मारवाड्याचं कापड, लिंगायताचं तेल, मोमिनांच्या चादरी आणि मातंगांचे दोरखंड मांडीला मांडी लावून बसलेत. कुणी नमाजाला जावो नाहीतर जेवायला, दारात काठी आडवी टाकायची. शेजाऱ्यानं ते दुकान आपलं समजून चालवायचं.

अंगद म्हणजे या गल्लीतला सगळ्यात तिखट जिभेचा माणूस. बैलांचा साज विकतो. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की बैलाची बाजू घेऊन भांडतो. बैल कमी झाले तर हा पठ्ठ्या ट्रॅक्टरलाही गोंडे बांधायला लावतो. शेजारी खाजाभाईचं तसंच दुकान. दोघांची दोस्ती चड्डीत असल्यापासूनची, पण गेल्या पोळ्याला खाजाभाई एका गिऱ्हाइकापाशी खरं बोलून गेला: अंगदच्या गोंड्यांचा रंग पाण्यात जातो. तेव्हापासून अबोला. दोघांच्या मधल्या ओट्यावर शिंगांचा रंग विकणाऱ्या केशरबाईचा घसा दोघांचे निरोप पोचवून पोचवून बसला.

यंदा पोळ्याचा आदला दिवस नेमका शुक्रवार. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. खाजाभाईनं रिवाजाप्रमाणं काठी आडवी टाकली आणि मशिदीकडं निघाला. वर्षाचा धंदा त्या दुपारवर, आणि भरवसा कुणावर, तर अंगदवर. समोरच्या पानटपरीतून मी बघत होतो. मला मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू.

अंगद कुरकुरत खाजाभाईच्या गादीवर जाऊन बसला. पहिल्याच शेतकऱ्यानं तिथले गोंडे उचलले आणि विचारलं, रंग जातो का? सगळ्या गल्लीनं कान टवकारले. अंगदनं आपल्या दुकानाकडं पाहिलं, मग शेतकऱ्याच्या हातातल्या गोंड्याकडं.

"न्हाई जात," तो म्हणाला. "खाजाचा माल हाय."

खाजाभाई परतला तेव्हा केशरबाईनं, कुणी न सांगता, हाही निरोप पोचवला. त्यानं आपली काठी उचलून अंगदच्या दारात आडवी टाकली.

"जा बे, जेवून ये."

वर्षातला पहिला शब्द तो. अंगद निघाला, पण चार पावलांवरच थबकला. एक बाई त्याचेच गोंडे हातात धरून तोच प्रश्न विचारत होती. आणि खाजाभाईला खोटं बोलता येत नाही, हे अंगदइतकं कुणाला ठाऊक?

"जातो थोडा," खाजाभाई म्हणाला. "पर बैलाचं कपाळ गुलाबी हुतंय. पोळ्याला लई शोभतंय."

बाईनं दोन जोड्या घेतल्या. अंगद जेवायला गेलाच नाही. भर गर्दीत पोट धरून हसत उभा राहिला.