आईच्या आवाजावरचं भाषण

कनकलताच्या बीरोत, म्हणजे लोखंडी कपाटात, तीनशे बारा कॅसेटी होत्या आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. पोस्टाच्या काउंटरवर पस्तीस वर्षं काढलेली बाई ती. पगार झाला की आधी कॅसेट, मग साडी. पहाटे नादस्वरम, सांबार उकळेपर्यंत सिनेमाची गाणी, जेवणानंतर कव्वाली, इस्त्रीला इंग्रजी बँड. अमुक संगीत वरचं नि तमुक खालचं, असं तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

एक कॅसेट मात्र ती तीस वर्षं लावत नव्हती. त्यांच्या तमिळ गावात, राजवाड्यामागच्या मराठी घरांत लग्न असलं की वधूवरांना ऊंजलवर, झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणायला तिच्या आईलाच बोलावणं यायचं. तो आवाज कनकलतानं टेप केला आणि कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची पट्टी मोडून टाकली. पट्टी मोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. वर्षभरात आई गेली. धाकट्या भावाला, मुरलीकृष्णाला, कर्मचारी संघाच्या निवडणुकीचं भाषण घोकायचं होतं. त्यानं तीच कॅसेट उचलली, मोडल्या पट्टीच्या खाचेवर कागद चिकटवला, म्हणजे पुन्हा रेकॉर्ड होतं, आणि स्वतःचं भाषण भरलं.

"चुकून झालं गा, अक्का," तो म्हणाला. आजतागायत तेच म्हणतो. अहो, चुकून कुणी डिंक लावतं का?

ती भांडली नाही. राग तिनं लोणच्यासारखा मुरत ठेवला.

यंदा मुरलीच्या लेकीचं, हरिप्रियाचं लग्न ठरलं. पापनाशमच्या व्याह्यांपुढे त्यानं आईच्या गाण्यांची फुशारकी मारली आणि बहिणीच्या दारात उभा राहिला. "एक टेप गेली तर गेली, दुसरी असेलच की तुझ्याकडे. ऊंजलला वाजवूया."

"आहे की," कनकलता म्हणाली. "मीच लावते."

हॉल भरला. वधूवर झोपाळ्यावर बसले, बायकांनी रंगीत भाताचे गोळे ओवाळले. आईचा आवाज उठला तशी म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावले. मुरलीनं व्हिडिओवाल्याकडे तोंड करून हात जोडले. दोन ओळी झाल्या, खट्ट वाजलं, आणि मुरलीचा तरुण आवाज तमिळमध्ये गरजला, "मला निवडून द्या!"

लोक हसले. शेजारची शेषम्मा मात्र मोठ्यानं म्हणाली, "आईचं गाणं पुसून हे भरलास रे?" हसणं थांबलं. व्याही मुरलीकडे बघत राहिले.

तो धावत आला. "बंद कर, अक्का!"

"का? आईपेक्षा तुला हाच आवाज बरा वाटला होता ना?" बटणावरचा हात तिनं हलवला नाही. खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला. पोटभर झाला.

हरिप्रियानं पाय टेकून झोपाळा थांबवला. "अत्ते, आजीचं पुढचं गाणं?"

"तुझ्या अप्पाला विचार."

"पुसलं मी," मुरली खाली बघून पुटपुटला.

पोरीनं पुन्हा आत्याकडेच पाहिलं. "तुला येतं की ते?"

कनकलताला सगळी कडवी पाठ होती. मुरलीच्या घरात त्यातली एकही ओळ जाऊ द्यायची नाही, या हट्टापायी तिनं भाचीपुढे ती कधी गुणगुणलीही नव्हती.

"येतं," ती म्हणाली, आणि भाषण संपेपर्यंत टेप चालू ठेवली.