गोणीवरची अक्षरं

जोहे गावातल्या गणपती कारखान्यात मूर्ती घासणारी एक बाई होती. शिक्षण चौथी; पण भज्यांचा कागदही वाचल्याशिवाय टाकायची नाही.

एकदा तिनं प्लास्टरच्या गोणीवरचं मोठ्यानं वाचलं, 'धूळ नाकात जाऊ देऊ नये', आणि खोकणाऱ्या सगळ्या बायांसाठी मालकाकडे फडकी मागितली.

"देवाची धूळ हाय गो, काय व्हत नाय," मालक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं, तर ओळीनं सगळ्या गणपतींच्या सोंडेला चिंध्या बांधलेल्या.

"ह्यांना काय झालं?"

"खोकला," ती घासता घासता म्हणाली.

संध्याकाळी फडकी आली. पहिलं तिनं माझ्या हातात दिलं, "घे, बीए."

घराण्यातला पहिला बी.ए. मी. कॉलेज करताना त्या गोण्या तीन वर्षं मीच वाहिल्या. वाचली एकही नव्हती.