अनारशाखालची दीड ओळ

चोरीचा माल तबकात अंथरून, त्यावर अनारसे रचून, वरून क्रोशाचा रुमाल घालून मी एकदा लेकीच्या सासरी नेला होता. तेव्हा मी लहान होते, जेमतेम चौसष्ट-पासष्टची. नुकताच स्मार्टफोन हातात आल्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी त्या पोरसवदा बाईची खात्री झालेली होती. आणि माल नेला कुणाकडे, तर व्याह्यांकडे. खालापूर आणि कर्जत हे दोन्ही तालुके उलथे-पालथे केले तरी असा दुसरा माणूस सापडायचा नाही, जो कुठलीही वस्तू न उघडता तिच्या पोटात काय आहे ते सांगेल, आणि कुणी उघडून दाखवायला लागलं तर डोळे मिटून घेईल.

आमची पहिली ओळख वालाच्या बिरड्यावरून झाली. लग्नाची बोलणी करायला ही मंडळी कडावहून खोपोलीला आमच्याकडे आली होती. माझ्या बिरड्यात सासूबाईंची एक खुबी असते, जी मी सख्ख्या जावेलासुद्धा सांगितलेली नाही. व्याह्यांनी तीनदा वाढून घेतलं आणि दर घासाला छताकडे पाहिलं. मी खुशीत येऊन म्हणाले, "यात काय घालते सांगू का?" तर या गृहस्थांनी भर पंगतीत दोन्ही कानांवर हात ठेवले. मंडळी चपापली, मी काही भलतंसलतं बोलले की काय. महिन्याभरानं स्टीलचा डबा घेऊन स्वारी दारात हजर. डब्यात बिरडं, आणि त्यात ती खुबी, अगदी मापासकट. "विचारून केलं असतं तर ते तुमचं झालं असतं," म्हणाले, "चाखून केलं म्हणून थोडं माझं." कोंडाण्याची लेणी बघायला गेलो तेव्हा गावातला एक माहीतगार आमच्या मागे लागला. त्याला यांनी चहा पाजून पायथ्याशीच बसवलं आणि स्वतः दगडावरचे छिन्नीचे घाव आंधळ्यासारखे चाचपत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "विहीणबाई, हे वरून खाली कोरत आलेत. आधी छत, मग पाय टेकायला जमीन." खाली उतरून मी त्या माहीतगाराला ते सांगितलं, तर तो बिचारा म्हणाला, "त्येच सांगनार व्हतो मी." माझ्या विहीणबाईंची, म्हणजे यांच्या बायकोची, तक्रार निराळी. "माजा जन्मदिस कवा, ते पन कंदी इचारलं नाय यांनी. अंदाजानं साडी आनत्यात." मी विचारलं, "मग चुकतात का?" त्या म्हणाल्या, "येका दिसानं."

या स्वभावाचं मोठं काम उभं राहिलं ते कडावच्या दूध डेअरीमुळे. दुधाची फॅट मोजणारं यंत्र तिथल्या एका जुन्या संगणकाला जोडलेलं होतं. संगणकाच्या आतला सगळा कारभार बघणारी ऑपरेटिंग सिस्टीम कुठल्याशा बड्या परदेशी कंपनीची. कंपनीनं ती म्हातारी झाली म्हणून वाऱ्यावर सोडली. नवी आणली तर ती यंत्राला ओळख देईना, आणि धडधाकट यंत्र फेकायला डेअरीचा जीव होईना. तिचं मूळ लिखाण, म्हणजे सोर्स कोड, कंपनी कुणाला दाखवत नाही. तेव्हा जगभरच्या काही खटपट्या लोकांनी ठरवलं की तिच्यासारखीच वागणारी जुळी बहीण आपण लिहायची आणि सगळ्यांना फुकट द्यायची. आमचे व्याही त्यांतले एक. जुन्या यंत्रांशी बोलायचा भाग त्यांच्याकडे.

खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे दहा-बारा वर्षं, हा माणूस त्या सिस्टीमला बाहेरून प्रश्न विचारत होता, ती काय उत्तर देते ते ऐकत होता, आणि तेच उत्तर देईल असं स्वतःचं लिहीत होता. मी एकदा शेजारी बसून पाहिलं. हे काहीतरी टाइप करत, यंत्र एकदा टिक करी, हे मान डोलवत आणि एक ओळ लिहीत. पुन्हा टिक. बंद दाराआड वावरणाऱ्या माणसाच्या नुसत्या पावलांवरून त्याचं वय, स्वभाव आणि दुखरा गुडघा ओळखावा, तसं ते चाललं होतं. मला त्यातलं काहीही कळलं नाही, पण मांडी मोडून उठावंसं वाटेना.

आणि एके दिवशी बातमी आली की त्या सिस्टीमचा सोर्स कोड फुटला. परीक्षेचा पेपर फुटतो तसा फुटला आणि इंटरनेटवर सगळ्या जगाला मोकळा झाला. त्या पासष्टीच्या बाईला वाटलं, अरेच्चा, व्याहीबुवा दहा वर्षं जे चाचपतायत ते आयतं बाजारात आलं की. ती तडक गेली आमच्या गल्लीतल्या नसरीनच्या झेरॉक्सच्या दुकानात.

नसरीननं शोधाशोध करून यंत्र जोडायचा भाग काढला आणि कपाळाला आठी घातली. "काकी, ह्ये चोरीचं हाय. तुमाला म्हायती हाय ना?"

"अगं, चोर दुसराच कुणीतरी. आपण नुसतं बघतोय."

"पोलीस आले तर मी सांगनार, काकी लग्नपत्रिका छापायला आलेल्या."

तिनं दहा-बारा पानं छापून दिली. नुसती कंस आणि ठिपक्यांची रांगोळी.

अधिक महिना होता. जावयाला वाण द्यायला मी कडावला निघालेच होते. जावईबापूंचं तबक रीतसर, दिवा, तेहतीस अनारसे, सगळं. व्याह्यांसाठी दुसरं तबक केलं, त्यात तळाला ती पानं. वाटेत टेंपोत मी एकटीच हसत होते.

व्याह्यांनी रुमाल उचलला. एक अनारसा घेतला, तोंडात टाकला, नेहमीप्रमाणे छताकडे पाहिलं, आणि दुसरा घ्यायला खाली बघितलं. हात तिथंच थांबला. क्षणभरानं त्यांनी डोळे गच्च मिटले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "विहीणबाई, हे उचला."

"अहो, बघा तरी. तुमच्याच कामाचं आहे."

"उचला आधी."

मिटल्या डोळ्यांनी ते पडवीत गेले, दाराच्या चौकटीवर खांदा आपटून. आतून विहीणबाई आल्या, तबक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आवं, काय करून ठिवलंत? यांचं जेवान गेलं आता."

मग मला नियम कळला. मूळ लिखाण ज्यानं पाहिलं, त्यानं जुळ्या बहिणीचा तो भाग लिहायचा नाही. नाहीतर कंपनी म्हणणार, तुम्ही आमचंच उतरवलंत, आणि जगभरच्या सगळ्यांची मेहनत पाण्यात. मी म्हटलं, "कडावला कोण येतंय बघायला? मी सांगणार नाही, विहीणबाई सांगणार नाहीत."

"उद्या कुणी विचारलं, पाहिलंत का, तर मला नाही म्हणता आलं पाहिजे ना," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी जुळी बहीण लिहिणाऱ्या जगभरच्या मंडळींना कळवलं, मी पाहिलं आहे. किती पाहिलं, अशी विचारणा झाली. यांनी लिहिलं, दीड ओळ; उरलेली अर्धी अनारशाखाली होती. कुठल्याशा दूर देशातल्या बाईनं विचारलं, अनारसा म्हणजे काय. त्याचं उत्तर मात्र यांनी पानभर लिहिलं. मंडळींनी त्यांचे आभार मानले, आणि तो भाग त्यांच्याकडून काढून घेतला. आधीचं लिहिलेलं राहिलं, पुढचं दुसऱ्यांनी करायचं. यांनी एका शब्दानं कुरकूर केली नाही. देवळासाठी दगड घडवत आलेल्या माणसानं पायरीशी चपला काढाव्यात आणि बाहेरच उभं राहावं, इतक्या साधेपणानं हे गृहस्थ बाजूला झाले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ प्रामाणिक माणसं पाहिली, पण ती बहुतेक कुणीतरी बघत असताना प्रामाणिक होती. इथं बघायला आम्ही दोन विहिणी, आणि दोघी खोटं बोलायला तयार.

आता ते त्या जुळ्या बहिणीच्या सूचना मराठीत आणतात. संगणक बिघडला तर त्यानं माणसाशी कुठल्या शब्दांत बोलावं, यावर दोन-दोन दिवस विचार करतात. त्यांचं मत असं, की यंत्रानं माणसाला खजील करू नये. ते वाचताना मला उगीचच वाटतं, हे माझ्यासाठी लिहिलंय.

यंत्राशी बोलायचा उरलेला भाग पुढे परदेशातल्या कुणीतरी पुरा केला. कडावच्या डेअरीत ती जुळी बहीण पहिल्यांदा सुरू करायची होती, तेव्हा मीही गेले होते. आत माणसांची गर्दी. व्याही बाहेर, रिकाम्या कॅनांच्या रांगेशी उभे, भिंतीकडे कान करून. आतून यंत्र टिक म्हणालं. मग थोडं थांबून पुन्हा टिक. कुणीतरी आतून ओरडलं, "लागली, फॅट लागली." लोक हसले, टाळ्या वाजल्या. या माणसानं नुसती मान डोलावली.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं थट्टेवारी नेलेली गोष्ट तेव्हा काही केल्या थट्टेत बसेना. म्हटलं, "व्याहीबुवा, माझ्या आगाऊपणामुळं हे तुमच्या हातून गेलं."

त्यांनी भिंतीकडचा कान काढला. मग माझ्याकडे वळून, लहान मुलानं खिशातला चिंचोका दाखवावा तशा चेहऱ्यानं म्हणाले, "विहीणबाई, अनारशाखाली ती दीड ओळ दिसली ना, ती तशीच्या तशी मी आधीच लिहून बसलो होतो."