अडकित्त्यानं कापलेली लाईन

मी एकदा दोन गल्ल्यांचं इंटरनेट अडकित्त्यानं कापलं. सुपारी कातरायच्या अडकित्त्यानं. लाईन चालू आहे की बंद, तेही बघितलं नाही. जिवंत राहिले ती नशिबानं. अकलेचा त्यात काही हात नव्हता.

तेव्हा मी नुकती साठीला आलेली, म्हणजे आजच्या मानानं पोरसवदाच. त्या वयात बाईला आपल्याला सगळं कळतं असं वाटतं.

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत दोन मजली घर तेवढं आमचं. म्हणून मामूचा नेटचा डबा, ज्यातून सगळ्या वायरी फुटायच्या, तो आमच्या गच्चीवर होता. मामू शेवटच्या घरातला. महिन्याचे पैसे घेऊन घरोघरी वायरीनं नेट पोचवायचा. गल्ली त्याला मामू म्हणायची, तो मला अम्मा म्हणायचा. त्याच्या डब्याला करंट आमचा आणि त्या बदल्यात आमच्या घरातलं नेट त्याचं, असा आमचा व्यवहार. संध्याकाळी पुण्याची नात मला स्क्रीनवर दात दाखवायची, ती मामूच्या वायरीतनं.

त्या वर्षी पाण्याचे हाल होते. नळ नावाला, आणि टँकर त्याच्या मनाला येईल तेव्हा. मामू दिवसभर कुठल्या ना कुठल्या गच्चीवर वायरी ओढत असायचा, त्यामुळं जालना रोडवरून वळणारा टँकर त्यालाच आधी दिसायचा. मग वरून आरोळी यायची, "अम्मा, पानी! हंडे निकालो, हंडे!" की सगळी गल्ली चपला न घालताच पळायची. ही आरोळी ज्यांनी नेट घेतलं होतं त्यांना होती आणि ज्यांनी घेतलं नव्हतं त्यांनाही.

पुढं पाऊस बरा झाला, हंडे माळ्यावर गेले, आणि बाजारात फुकटाचं सिम आलं. बोलणं फुकट, बघणं फुकट. आमची अर्धी गल्ली गुलमंडीच्या एका दुकानापुढं रांगेत, आणि रांगेत सगळ्यांत पुढं मी. आता गंमत बघा, मला तर घरात आधीपासूनच फुकट होतं! पण सगळ्या जगाला मिळतंय आणि आपण घरी बसायचं, हे जमलं नाही.

मागं शेजारीण उभी होती. ती म्हणाली, "काकू, मामूचं कसं व्हईल वं?"

"त्याला काय व्हायचंय? आणि झालं तर झालं. फुकटापुढं इकतचं टिकत नाय, एवढं बी कळंना व्हय तुला?" मी अशी बोलले, जशी काही ती कंपनी माझ्या बापाची.

माझं माहेर मेंढपाळांचं. पुढच्या मेंढरानं उडी मारली की मागची का मारतात, हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण त्या दिवशी पुढचं मेंढरू मीच होते, हे काही ध्यानात आलं नाही. महिन्याभरात आमच्या गल्लीनं मामूची वायर सोडली.

तो एकदा माझ्याकडं आला. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "अम्मा, सामनेवाले गए तो गए. पीछे की दो गल्लियाँ हैं ना, क्लासवाले, फोटोवाले, उनका काम फोन पे नै होता. उनपे मेरा घर चल जाएगा. बस अपना डब्बा रहने दो."

"राहू दे की, मला काय जड झालाय का?" मी म्हटलं. आणि विसरले.

उन्हाळ्यात कुरडया घालायच्या होत्या. गच्चीभर मामूच्या वायरी आडव्या, आणि डबा आपला गुरगुरत करंट खातोय. मामू बायको-पोरांना घेऊन करमाडला सासरवाडीच्या लग्नाला गेलेला. सून म्हणाली, "आई, त्यांना येऊ द्या ना." पण चीक शिजलेला होता आणि तो काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी अडकित्ता घेतला आणि एकेक वायर कातरली. आपल्या गल्लीनं सोडलेल्याच वायरी असाव्यात अशा समजुतीनं. मागच्या दोन्ही गल्ल्यांची लाईन आमच्याच डब्यातून पुढं जाते, हे मामूच्या बोलण्यावरून कळायला हवं होतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

मागच्या लोकांनी दोन-चार दिवस मामूची वाट बघितली, मग तो परत यायच्या आत त्यांनीही दुसरी सोय केली. तो गच्चीवर आला. कुरडया वाळत होत्या. तो त्यांच्या कडेकडेनं चालत गेला, एकही तुडवली नाही. तुकडे कोपरावर गुंडाळले, डबा काखेत मारला आणि खाली उतरला. मी चहा विचारला. "नक्को," म्हणाला. काही दिवसांनी त्यानं बायको-पोरांसकट गल्लीतलं घर सोडलं.

मग पुन्हा पाणी आटलं. टँकर यायचा आणि निघूनही जायचा. आम्ही आत, हातात फोन, फोनला फुल चार्जिंग, आणि हंडे कोरडे. फुकटाचं म्हणून घेतलेल्या सिमलाही तोवर रिचार्ज लागायला लागला होता. संध्याकाळी सगळं गाव एकदम बघायला बसायचं, की नातीचं तोंड अर्धं उघडून तसंच राहायचं.

शेवटी मुलानं घरात वायरीचं, पैशाचं नेट घ्यायचं ठरवलं. फिटिंगला माणूस आला. अंगात कंपनीचा शर्ट, खांद्याला पिशवी, दाढी पिकलेली. मामू! स्वतःची लाईन गेली आणि आता दुसऱ्याची ओढत होता.

काम होईपर्यंत मी गच्चीच्या दारात उभी राहिले. डबा होता त्या भिंतीवर खिळ्यांची भोकं तशीच होती. मी म्हटलं, "मामू, फुकटाच्या नादात तुझं वाटोळं केलं रे मी."

त्यानं पक्कड पिशवीत टाकली. माझ्याकडं बघून हसला, पण थोडंच. म्हणाला,

"फुकट का सिम तो मैं भी लिया था, अम्मा. उसका गुस्सा नै. पर टँकर आया की मैं आपकू आवाज देता था ना? वायर काटने के पहले मेरेकू बी एक आवाज देनी थी."