आठ लहान पत्र्या

"त्याईले म्याच सांगतलं, पुंजाजी. दुसऱ्या कोनाचं नाव घेऊ नोको."

"मंग तो कंपाउंडर खोटं नाही बोलला."

"नाही बोलला."

मंगरूळच्या बैलबाजारात, चिंचेखाली, रहमतुल्ला नालबंद हातोडी मांडीवर आडवी ठेवून बसला होता. इंझोरीचा पुंजाजी त्याच्या पुढ्यात उभा, अन् पुंजाजीच्या मागं दोरीला तो तांबडा. दीड महिन्याआधी हा तांबडा गोऱ्हा होता. आता बैल झाला होता, म्हणून तर इथं आणला होता. मोकळ्या, खच्ची न केलेल्या गोऱ्ह्याला कोणी नाल मारत नाही. जो जुंपायचा, त्यालाच मारतात.

रहमतुल्लाने माणसं कमी पाहिली, खुरं जास्त. बाप अन्सार नालबंद गेला ते साल एकोणीसशे सहाचं. तेव्हापासून तेहेतीस वर्षं त्याचं डोकं बैलाच्या पायाशीच. बैलाचं खूर मधोमध फाटलेलं, म्हणून पायाला दोन दोन अशा बैलाला नालेच्या आठ पत्र्या लागतात. बापानं मापाच्या नमुना-पत्र्या एका तारेत ओवून ठेवल्या होत्या, त्या बाजारभर रहमतुल्लाच्या कमरेला खुळखुळत. नुसती पत्री चाचपून तो गाव सांगायचा. लोकांना ती जादू वाटायची. जादू कसली? पावसाळ्यात अडाण नदी अन् तिचे नाले भरले, काळी माती फुगली, की चार महिने गावं बेटांसारखी एकमेकांपासून तुटत. या गावचा वळू त्या गावच्या गायीपर्यंत पोचायचा नाही. मग ज्या त्या गावचं खूर ज्या त्या गावचं राहायचं.

पुढं खडीची सडक झाली. कापसाच्या गाड्या वाढल्या, ओझं वाढलं, अन् व्यापारी लांबून उंच, पांढरे बैल आणू लागले. तारेवरच्या पत्र्या एकेक करून बिनकामाच्या झाल्या. रिसोडकडचं रुंद माप आधी गेलं, मग नदीकाठचं लांबोडकं. जी पत्री तीन वर्षं लागली नाही तिला गंज चढायचा. रहमतुल्ला ती काढून फेकत नसे. तेवढंच त्याचं दप्तर.

सगळ्यात लहान पत्री उंबरडीची. उंबरडी म्हणजे कमरेएवढं, तांबडं, मुकाट जनावर. खूर काळंभोर अन् सुपारीसारखं घट्ट. श्रावणात पांढरा बैल गुडघ्याएवढा फसून उभा राही, तेव्हा हा उंबरडी चिखलातून वखर घेऊन निघून जाई. पण बाजारात उंची पाहून बैल घेतात. मोकळे उंबरडी गोऱ्हे साऱ्या तालुक्यात पाचसातच उरले, तेव्हा रहमतुल्ला पुंजाजीच्या गोठ्यात जाऊन बसला होता. याला बडवून बैल करू नको म्हणाला, याच्या मागं कोणी नाही. पुंजाजीनं ऐकलं. दोन वर्षं त्याला फुकटचा कडबा घातला. गाव हसलं. पुंजाजीच्या घरी जावई आला, बसून खाते, असं पारावर म्हणत.

अन् मागच्या हिवाळ्यात ढोरांचे साहेब आले. कोणत्या गावात कोणती जात, आधी किती होती, आता किती आहे, हे लिहून घेत फिरत होते. पाटलानं नालबंदाकडं बोट दाखवलं. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. तेहेतीस वर्षांत त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती, कोणी काही विचारलंही नव्हतं. मग त्यानं तार सोडून टेबलावर पसरली अन् दुपारभर बोलत राहिला. कोणत्या पत्रीला कधी गंज चढला ते सांगितलं. मोकळे उंबरडी गोऱ्हे कुठं कुठं उरलेत, कोणाच्या गोठ्यात, कोणत्या दावणीला, तेही सांगितलं. साहेब लिहीत गेले. त्याला वाटलं, सरकारला चाड आहे. आता हे राखले जातील.

घरी येऊन मेहरबीला सांगितलं, तर ती पीठ मळता मळता म्हणाली, "सरकार घरचा पत्ता इचारते तवा जेवाले नाही बलावत."

दीड महिन्याआधी ढोरांच्या दवाखान्याचा कंपाउंडर माणसं घेऊन आला. हातात कागद अन् लोखंडी चिमटा. हलक्या जातीचे वळू ठेवायचे नाहीत, असा वरून हुकूम होता म्हणे. कुठं हुडकावं लागलं नाही. सरळ त्या त्या दावणीला गेले. इंझोरीत तांबड्याला बडवायचं काम पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात झालं. पुंजाजी शेतात होता. पत्ता नालबंदानं दिला, हे कंपाउंडरनं त्याला मागाहून सांगितलं. बदल्यात गावाला एक पांढरा वळू मिळाला. त्याला गावानं झूल चढवली.

"अन् तुही उंबरडी गाय?" रहमतुल्लानं विचारलं.

"नेली त्या पांढऱ्याकडं. दुसरीकडं कुठी नेऊ?"

"बाकी गावातले?"

"तुमीच तं सांगतले होते, रहमतभाऊ. एकबी सुटला नाही." पुंजाजीनं दोरी पुढं केली. "मी दोन वर्सं हासू करून घेतलं, ते तुमच्या सबदावर. आता ह्याले नाल मारा. सडकीनं गाडी वढाची हाये."

रहमतुल्लानं हात पुढं करून दोरी घेतली. पहिल्या नालाला मालक नालबंदाच्या हातावर गूळ ठेवतो, ही रीत. पुंजाजीनं गूळ आणला नव्हता. रहमतुल्लानं मागितला नाही.

दोघांनी दोर टाकून तांबड्याला पाडला. पाय बांधले. पुंजाजी शिंगांवर बसला, तोंड दुसरीकडं करून. रहमतुल्लानं खूर तासलं. काळा, घट्ट, ओला तुकडा पडला, तो बाजारातल्या कुत्र्यानं उचलून नेला. तारेवरची लहान पत्री त्यानं खुराला लावून पाहिली. गंजलेली होती, तरी तंतोतंत बसली. पण या मापाच्या तयार पत्र्या कधीच्या संपल्या होत्या. मोठ्या पत्र्या छिन्नीनं कापून त्यानं आठ लहान केल्या, कड घासली, खिळे तोंडात धरले अन् एकेक ठोकत गेला. आत जिवंत मांसाला खिळा लागू दिला नाही. तेवढं येत होतं.

बैल उठला. दगडावर पाय आपटून त्यानं नवा आवाज ऐकला, अन् पुंजाजीच्या मागं निघून गेला. पुंजाजीनं मागं वळून पाहिलं नाही.

चिंचेखाली उकंडराव त्याची उंच पांढरी जोडी धरून केव्हाचा उभा होता. रहमतुल्लानं लहान पत्री तारेत परत ओवली, मोठं माप हाताशी घेतलं, अन् दोर उचलला.

"आना, उकंडराव. डावा आंदी पाडू."