सोजिराचा घास

या उन्हाळ्यात आमच्या दवनीवाड्याच्या घरी एक स्पॅनिश शिपाई दुपारच्या दुपारी मुक्कामाला असायचा. त्याचं इंग्रजी चरित्र मी गोंदियाच्या रद्दीवाल्याकडून उचलून आणलं होतं. बाबांना आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून जेवणं झाली की कूलर लावून मी वाचायची आणि आपल्या बोलीत त्यांना सांगायची. मला स्वतःला तो माणूस काही आवडला नाही. राजाच्या नावानं समुद्रापार जायचं, दुसऱ्यांची गावं जाळायची आणि वर नवा मुलूख शोधला म्हणून मिरवायचं. बाबांना मात्र त्याचा लळाच लागला. ते त्याला 'सोजीर' म्हणायचे.

"आपले आजे-पणजे बी माळव्यातून घोड्यावरच आले होते," ते सांगायचे. "झोपून राहिली का वो मास्तरीण? वाच नं पुढे."

झोपच यायची खरी. बाहेर ऊन रणरणायचं, मोहफुलांचा वास खिडकीतून आत यायचा, आणि पेंगता पेंगता मुलूख एकमेकांत मिसळायचे. सोजीर वाळवंटातून निघायचा आणि नागझिऱ्याच्या सागवनात शिरायचा. वैनगंगेच्या उथळ पाण्यात त्याचा घोडा मान खाली घालून उभा राहायचा. मला खरंच दिसायचं ते. बाबांनाही दिसत असावं, कारण ते मध्येच गालात हसायचे.

पण त्यांचा प्रश्न रोज एकच. "त्याच्या घरी कोन होतं? त्याईले काय समजलं?"

लढाया, नकाशे, किल्ले, सगळं पुस्तकात होतं. घरचं काही नव्हतं. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडायची, आणि हा प्रश्न आला की सूप घेऊन उठून जायची. माझा भाऊ कामासाठी म्हणून बाहेर पडला तो परतलाच नाही. फोन बंद, पत्ता नाही, पोलिसांनीही हात टेकले. तेव्हापासून दर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या अक्तीला, घरात तंटा ठरलेला. त्या दिवशी घरातला मोठा माणूस पितरांची आठवण काढून निखाऱ्यावर एकेक घास टाकतो. बाबा म्हणायचे, पोराचाही टाकू, भुकेला फिरत असला तर? आई फणकारायची, "जित्त्या पोराचा घास जाळता? हात तर लावून पाहा."

सोजीर शेवटी तापानं गेला, कुठल्याशा नदीकाठी. बरोबरच्यांनी त्याला पुरलं आणि पुढची वाट धरली. त्या दुपारी बाबांनी ते पान मला पुन्हा वाचायला लावलं.

यंदाच्या अक्तीला आईनं निखारे मांडले आणि मी बाबांना हात धरून पाटावर बसवलं. आजा, आजी, पणजा, सगळ्यांचे घास पडले. मग बाबांनी आणखी एक उचलला.

"हा त्या सोजिराचा. त्याचा कोनी टाकला नसन."

"तो कोन लागते तुमचा?" आई म्हणाली, तोवर बाबांनी तो निखाऱ्यावर टाकलाही. घासातला वडा करपत होता, तुपाचा धूर डोळ्यांत जात होता. ती त्या घासाकडे बघत राहिली. मग तिनं ताटातला भात कालवला, त्याचा घास केला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. आता आपल्या पोराचा टाका."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं जे मागत होते, ते हातात आल्यावर बाबांनी मूठ मिटून घेतली. मी त्यांचा हात निखाऱ्यापर्यंत नेला. बोटांच्या फटींतून भात बाहेर यायला लागला, आई थांबून राहिली, पण बाबांची मूठ काही उघडली नाही.