टरबूज फोडायची खोड

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, पण टरबूज मला चाकूनं कापवत नाही. ते बुक्कीनं फोडायचं, हीच माझी उन्हाळ्यातली चैन. माहेरी शेतात लागलेली ही खोड सासूबाईंना कळू द्यायची नाही, असं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी ठरवलं होतं.

एका दुपारी धाकट्या दिरानं कळंबच्या बाजारातून दोन टरबुजं आणली. एकावर त्यानं तीन बुक्क्या हाणल्या. टरबूज तसंच राहिलं, त्याचीच बोटं सुजली.

"वहिनी, चाकू आणा. तुम्ही बघू नका असं. शिकलेल्या हाताचं हे काम न्हाय."

माझं शिक्षण कुणी काढलं की माझं डोकं फिरतं, ही दुसरी खोड. पदर खोचला, उकिडवी बसले आणि असा दणका घातला की टरबुजाच्या चिंधड्या उडाल्या. भिंत लाल, दिराचा पांढरा सदरा लाल, शेजारीच बसलेल्या सासूबाईंच्या कपाळावरून लाल ओघळ. घरात खून पडल्यासारखं दिसत होतं. आता आपली माहेरी रवानगी, असं मी धरूनच चालले.

सासूबाईंनी कपाळ पुसून बोटं चाटली. मग दुसरं टरबूज स्वतःपुढं ओढलं.

"सरक गं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मूठ वळली.